आतल्या बाजूची मूठ

१

माशांच्या टाकीला झाकण लागतं की नाही, यावरून आमच्या घरात बरेच दिवस वाद चालला होता. टाकी आणली दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने. त्याचं म्हणणं, उघडी टाकीच छान दिसते. "बोटाएवढे मासे तुझे. ते कुठे उड्या मारणार आहेत?" मासे विकणाऱ्याचं म्हणणं, झाकण हवंच. पाणी उडून जातं, धूळ पडते, आणि मासा कधी उडी मारेल ते माशालाही आधी माहीत नसतं. माझ्या बायकोने एका शब्दात निकाल लावला. ती म्हणाली, "भिंगरी."

भिंगरी आमची मुलगी. चार वर्षांची आहे आणि एका जागी ठरत नाही, म्हणून ते नाव पडलं. स्टुलावर चढून ती कोपरापर्यंत हात पाण्यात घालायची आणि माशांना गोंजारायला बघायची. मासे बिचारे जीव मुठीत धरून पळायचे.

झाकण मीच करणार हे उघड होतं. मी काचवाला. दादाचं आणि माझं काचेचं दुकान आहे. खिडक्यांच्या काचा, आरसे, तसबिरी, जे म्हणाल ते कापून बसवून देतो. आमच्याच घरातल्या टाकीवर विकतचं प्लास्टिकचं झाकण आलं असतं, तर गिऱ्हाइकांनी माझ्या तोंडात शेण घातलं असतं.

पण खरं कारण वेगळंच होतं. दुकानात शिडीवरून पडल्यापासून मी घरी बसून होतो. डोक्याला मार लागला होता. डॉक्टर म्हणाले होते, काही दिवस विसरायला होईल, गोंधळ उडेल, घाबरू नका. मी घाबरलो नाही, पण गोंधळ मात्र उडाला. एकदा गॅसवर दूध ठेवून विसरलो आणि भांडं पार काळंठिक्कर झालं. एकदा आमच्याच जिन्यात भलत्याच दाराला आपलं दार समजून उभा राहिलो. भिंगरीने बोट धरून घरात नेलं.

बायको सकाळी लाँड्रीत इस्त्रीच्या कामाला जाते आणि दुपार कलताना येते. तोवर भिंगरी माझ्याजवळ. जिन्यातली गोष्ट कळल्यावर बायको ओरडली नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली. ती शांतपणे म्हणाली, "आणखी एकदा असं काही झालं ना, तर तुम्ही बरे होईपर्यंत भिंगरीला तिच्या मावशीकडे ठेवू."

मावशीचं गाव दूर. घरात भिंगरी नसेल तर मी बरा तरी कशाला होऊ, हे मला तिला सांगता आलं नाही. मी झाकण करायला घेतलं. माझा हात थरथरत नाही, डोकं ठिकाणावर आहे, हे एकदा सगळ्यांना दिसू दे म्हटलं.

२

झाकण झकास झालं. माळ्यावरचा जुना तुकडा काढला, काच कापायच्या हिऱ्याने एका दमात रेघ मारली, कडा घासून गुळगुळीत केल्या. हवेची नळी आत जायला मागचा डावा कोपरा तिरका कापला. मधोमध एक गोल मूठ सिलिकॉनने चिकटवली. टाकीच्या काठाच्या जरा खाली आतून काचेच्या पट्ट्या आहेत, त्यांच्यावर झाकण अलगद बसलं. दादाने कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "आलास की परत!" त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवलो.

दुसऱ्या सकाळी बायको कामाला निघता निघता हसायला लागली. "काय हो काचवाले, उलट-सुलट कळत नाही वाटतं?"

झाकण टाकीवरच होतं, पण मूठ खाली होती. आत, पाण्याच्या जरा वर लटकत होती आणि तिच्यावर थेंब जमले होते. कापलेला कोपरा पुढच्या बाजूला आला होता. मागे नळी काचेखाली दाबली गेली होती आणि बुडबुडे बंद पडले होते.

मीही हसलो. माशांना खाणं टाकून घाईत उलटं ठेवलं असेल, दुसरं काय? झाकण नखांनी उचकटून काढावं लागलं, कारण वर धरायला काही नव्हतं.

मग एक-दोन दिवसांनी पुन्हा तेच. या वेळी बायको हसली नाही. तिने आधी भिंगरीकडे बघितलं. पण काच जड, भिंगरीला ती पेलणार नाही, आणि स्टूल तर मी केव्हाच माळ्यावर टाकलं होतं. मग तिने माझ्याकडे बघितलं, पिशवी उचलली आणि "येते" एवढंच म्हणून गेली. मी दिवसभर आठवत बसलो. झाकण सुलटं ठेवल्याचं मला स्पष्ट आठवत होतं. पण आमचं दार कोणतं हेही मला त्या दिवशी स्पष्टच आठवत होतं, फक्त ते चुकीचं होतं.

३

मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होतो. टाकी बाहेरच्या खोलीत, मध्ये भिंत. बुडबुड्यांचा आवाज येत होता. तो एकदा कानाला सवयीचा झाला की माणूस त्याच्याशिवाय बसू शकत नाही.

तेवढ्यात झाकण ठेवल्याचा आवाज आला.

काच ठेवण्याच्या आवाजावरून ठेवणारा कळतो. ज्याला सवय नाही तो आख्खी काच एकदम टेकवतो आणि ती ठणकते. आमच्या धंद्यातला माणूस आधी पलीकडची कड टेकवतो आणि मग बोटांवर तोलत अलीकडची सोडतो. तेव्हा आधी बारीक टिक होतं, मग जरा थांबून दुसरं, त्याहून बारीक. मला तसं ऐकू आलं. जो कोणी ठेवत होता त्याला काच ठेवता येत होती.

मी सुरी टाकून बाहेर आलो. खोलीत कोणी नव्हतं. आतल्या खोलीत भिंगरी पालथी पडून चित्र रंगवत होती आणि स्वतःशीच गाणं म्हणत होती. बाहेरच्या दाराला आतून कडी. टाकीवर झाकण, आणि मूठ आत.

मी माझ्या हातांकडे बघितलं. हात ओले होते. बटाट्यांनीच ओले झाले असणार, मगाशी मीच ते पाण्यात टाकले होते. मी हात हुंगूनही बघितले. आता यात हुंगण्यासारखं काय होतं, देव जाणे. बटाट्याचा वास आला. थोडा टाकीच्या पाण्याचाही आला, पण त्या खोलीत सगळ्यालाच तो वास होता.

"बाबा, कोण आलं?" भिंगरीने आतून विचारलं.

"कोणी नाही गं."

"मग झाकण कोणी ठेवलं?"

म्हणजे तिनेही ऐकलं होतं. मला आधी बरं वाटलं, कारण निदान कान तरी माझे शाबूत होते. बरं वाटणं फार टिकलं नाही.

४

काहीतरी आणखी चुकत होतं आणि ते काय, ते मला सापडत नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी गत. मी टाकीसमोर खुर्ची टाकून बसलो. मासे नेहमीसारखे फिरत होते. बुडबुडे येत होते.

बुडबुडे येत होते, तेच चुकत होतं. मागच्या दोन्ही वेळी नळी दाबली गेली होती. या वेळी नळी मागच्या डाव्या कोपऱ्यातून, मी कापलेल्या तिरक्या जागेतून, बरोबर आत गेली होती.

मी बिस्किटाच्या पुड्याचा पुठ्ठा फाडला, झाकणाच्या आकाराचा कापला, त्याचा मागचा डावा कोपरा उडवला आणि मधोमध पेनाने मूठ काढली. मग तो पालथा केला. कापलेला कोपरा पुढे आला. फिरवला. कोपरा मागे गेला, पण उजवीकडे. पुन्हा सुलटा करून दुसऱ्या अंगाने पालथा केला, परत फिरवला. मूठ खाली असली की कोपरा मागे डावीकडे येतच नाही. कितीही फिरवा, येणारच नाही. पुठ्ठा आणि काच यांत तेवढ्यापुरता फरक नसतो.

भिंगरी मांडीवर येऊन बसली. तिलाही तो खेळ आवडला. तिने पुठ्ठा उलटापालटा केला आणि शेवटी कंटाळून म्हणाली, "हा नाही. तो दुसरा आहे."

समोर टाकीवर जे झाकण होतं ते मी कापलेल्या झाकणासारखंच होतं. माळ्यावरच्या तुकड्याची हिरवट झाक होती, आणि हिरा जरा ओढला गेला होता ती बारीक खोडही होती. फक्त सगळं डाव्याचं उजवं झालं होतं. आरशासमोर धरलं तर जे दिसेल ते. आयुष्यभर मी आरसे विकले, पण आरशातली वस्तू बाहेर काढून कोणी टाकीवर ठेवल्याचं ऐकलं नव्हतं. मी स्वतःला म्हटलं, डॉक्टर म्हणाले होते ना गोंधळ उडेल, हाच तो गोंधळ.

५

दादाला बोलावलं. त्याने पुठ्ठा बघितला, झाकण बघितलं, आणि बराच वेळ दाढी खाजवली.

"सोपं आहे," तो म्हणाला. "मूठ ब्लेडने सोडवलीस आणि दुसऱ्या बाजूने चिकटवलीस."

"मग वर सिलिकॉनचा डाग कुठे आहे?"

दादाने नख फिरवलं. डाग नव्हता. ओरखडाही नव्हता. "इतकं साफ काम आपल्याकडे तुझ्याशिवाय कोण करतं?" तो म्हणाला, आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. आयुष्यात त्याने माझं तोंडभरून कौतुक केलं ते त्या दिवशी, आणि नेमकं ते मला नको होतं.

"मी नाही केलं, दादा."

"अरे, हातच्या काकणाला आरसा कशाला? घरात तू आणि पोर. पोरीने केलं का?" मग त्याने आवाज खाली आणला. "हे बघ, मी काही तुझ्या बायकोला सांगत नाही. भिंगरी जाईल म्हणून तू घाबरतोस ते कळतं मला. हे झाकण मी दुकानात घेऊन जातो. राहू दे टाकी उघडी. मी आधीच म्हणत होतो."

त्याने झाकण वर्तमानपत्रात गुंडाळून नेलं. उघडी टाकी खरंच छान दिसत होती. भिंगरीने तेवढ्यात खुर्चीवर चढून हात घातलाच. टाकीतल्या दगडाने तिचं बोट खरचटलं, मग रडारड, मग औषध. मी तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला चिकटपट्टी लावली आणि बजावलं, पुन्हा हात घालायचा नाही. तिने शहाण्यासारखी मान हलवली. ती मान कधी हलवते ते मला ठाऊक आहे. ऐकायचं नसलं की हलवते.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर बाहेरच्या खोलीत गेलो तर टाकीवर झाकण होतं.

मी फोन केला. "दादा, झाकण तुझ्याकडेच आहे ना?"

"समोरच आहे माझ्या. का रे?"

"इथेही आहे."

पलीकडे गिऱ्हाईक कुठल्याशा आरशाची मापं सांगत होतं. दादाने त्याला थांबवलं. "माळ्यावर अजून तुकडे असतील तुझ्या," तो हळूच म्हणाला. "जरा आठवून बघ. सावकाश आठव. मी दुकान बंद करून येतो."

मी आठवून बघितलं. खोटं कशाला सांगू, हिरा हातात धरल्याचंही आठवलं. पण ते पहिल्या झाकणाचं होतं की दुसऱ्याचं, ते सांगता येईना.

६

भिंगरी स्वयंपाकघरात पाव खात बसली होती. पाय हलवत ती खुर्चीवर टाच आपटत होती, तो आवाज मला सारखा येत होता.

झाकणाला आतून वाफ धरली होती. खालचं काही नीट दिसत नव्हतं, फक्त मधोमध मुठीचा काळपट गोल. नखांनी उचकटायला गेलो तर हालेना. काच उचलायची रबरी चकती आमच्याकडे असतेच. ती मधोमध दाबून बसवली आणि ओढली.

झाकण सूतभर वर आलं आणि परत खाली गेलं.

चिकटलेली काच कशी सुटते ते मला चांगलं माहीत आहे. ती सुटत नाही तोवर हालत नाही, आणि सुटली की एकदम सुटते. ही मागे ओढली गेली. मी पुन्हा ओढली, आणि पुन्हा तसंच झालं. जोर फारसा नव्हता. भिंगरी हट्टाने माझ्या हातातून काही ओढून घेते, तेवढाच.

मी वाकून बघितलं. वाफेत, मुठीच्या कडेने, एक ठिपका उमटला. मग दुसरा. खालून कोणी मूठ घट्ट धरली आणि बोटांची टोकं काचेला टेकली तर उमटतील तसे. एकीकडे चार आणि पलीकडे एक. बोटं बारीक होती. टोकं दाबून पांढरी झाली होती. तीन ठिपके गोल होते, आणि अंगठ्याशेजारचा गोल नव्हता. तो चौकोनी होता, आणि त्याला कापडासारखी बारीक जाळी होती.

"भिंगरी!" मी ओरडलो.

"काय?" ती स्वयंपाकघरातून म्हणाली. टाच आपटायची थांबली होती.

"हात वर कर. दोन्ही हात वर कर आणि ये इकडे."

ती हात वर करून, हसत, दारात आली. बोटांना पावाचा चुरा लागला होता. चिकटपट्टी उजव्या हातावर होती, मी लावली होती तिथेच. मी परत काचेकडे वळलो तेव्हा वाफ सगळीकडे सारखी होती, आणि रबरी चकतीसकट झाकण अगदी सहज, एका बोटाने, वर आलं.

मी ते तसंच परत ठेवलं. भिंगरीला उचललं आणि जिन्यात जाऊन बसलो. ती विचारत होती, आपण कोणता खेळ खेळतोय?

७

जिन्यात बसल्या बसल्या मी ठरवलं. इतके दिवस मी जिवाचं रान करत होतो, ते भिंगरी घरात राहावी म्हणून. आता ती त्याच दिवशी घराबाहेर जायला हवी होती. खरं सांगितलं असतं तर बायकोने समजूत काढली असती, डॉक्टरांची वेळ घेतली असती, आणि तोवर भिंगरी याच घरात राहिली असती. म्हणून मी वेड पांघरलं.

बायको जिना चढून आली तेव्हा मी म्हणालो, "झाकण मीच उलटं ठेवतो. दुसरंही मीच कापलं. का करतो ते मला कळत नाही. भिंगरीला आत्ताच्या आत्ता मावशीकडे पाठव."

ती पायरीवर माझ्याशेजारी बसली आणि रडायला लागली. मला वाटलं, दुःखाने रडतेय. पण ती डोळे पुसत म्हणाली, "बरं झालं हो सांगितलंत. मला वाटत होतं, मीच करते."

"तू?"

"परवा कामावरून आले, आणि एकदम बघते तर टाकीपाशी उभी, हात ओले, मूठ आत. तिथे कधी गेले तेच आठवेना. दमले असेन म्हटलं. कोणाला बोलले नाही. तुमचं असं, त्यात मीही तशी झाले तर पोरीने बघायचं कोणाकडे?"

मला तिला सगळं सांगायचं होतं. पण तिचा चेहरा इतका हलका झाला होता, आणि भिंगरीला बाहेर काढायची हीच वेळ होती. ती आत फोन करायला गेली आणि मी भिंगरीचे कपडे पिशवीत भरायला घेतले. फ्रॉक, मोजे, तिचा कान तुटलेला ससा.

बायको दारात येऊन थांबली. "ही पिशवी कशाला?"

"मावशीकडे जायला."

"अहो, तिला कशाला धाडायचं आता?" ती मायेने म्हणाली. "लहान पोर ती, आपल्या घरातच बरी. ताईच इकडे येतेय राहायला. दादा निघालेत, थोडे दिवस तुम्ही त्यांच्याकडे राहा. उद्या डॉक्टरांकडे जाऊ."

हे मला सुचलंच नव्हतं. देवाशपथ सुचलं नव्हतं.

"मी खोटं बोललो," मी म्हणालो. "मी नाही करत ते. तूही नाही."

"मग कोण करतं?"

भिंगरी दोघांकडे आळीपाळीने बघत होती. तिच्यासमोर काय सांगणार होतो? "टाकी फोडू या," मी म्हणालो आणि बाहेरच्या खोलीकडे वळलो. तेवढ्यात बायकोने भिंगरीला ओढून घेतलं आणि माझ्या आधी धावत जाऊन मधे उभी राहिली. मी पुढे आलो तशी ती तिला पाठीशी घालून मागे सरकली, आणखी मागे, भिंगरीची पाठ टाकीला टेकेपर्यंत. माझ्यापासून वाचवायला ती तिला तिथेच नेत होती. म्हणून मी जागच्या जागी थांबलो, हात खाली सोडले, आणि दादा येईपर्यंत हललो नाही.

दादाने माझ्या चपला पुढे सरकवल्या. मी त्या पायात घातल्या. भिंगरीने गळ्यात पडून पापा घेतला, तिला वाटलं मी कामालाच चाललोय.

"तुम्ही अजिबात काळजी करू नका," बायको दारात म्हणाली. तिचे डोळे पुन्हा भरले होते. "तुम्ही म्हणाल तसंच करते. झाकण ठेवू की काढू?"

ती मनापासून विचारत होती. मी ती बोटं आठवली. ती झाकण धरून होती, ते मी आत बघू नये म्हणून की दुसरं काही बाहेर येऊ नये म्हणून? कोणीतरी मदत करत होतं का? मी खूप विचार केला. दादा जिन्यात थांबला होता.

"ठेव," मी म्हणालो. मग लगेच म्हणालो, "नको, काढ."

त्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि दादाने माझं कोपर धरलं.